मुलांची पहिली कराटे स्पर्धा: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा ते चौदा वर्षांचं मूल पहिल्यांदा कराटे स्पर्धेत उतरणार असेल तर घरच्यांना जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांवर बेतलेल्या असतात, म्हणून उत्तरंही त्याच नियमांना धरून आहेत. आयोजक लहान गटांसाठी त्यांत आपापले बदल करतात. त्यामुळे माहितीपत्रक हातात आलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. क्योकुशिनसारख्या फुल कॉन्टॅक्ट शैलीच्या स्पर्धांना मात्र इथलं गुणांचं गणित लागू होत नाही.

मूल स्पर्धेला तयार आहे हे कशावरून ओळखायचं?

बेल्टच्या रंगावरून नक्कीच नाही. नियमित क्लास करून सहा-आठ महिने झाले असतील तर चार गोष्टी पाहा. कुणी आकडे न मोजता मूल एक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतं का? जोडीदाराबरोबर सराव करताना त्याची मूठ समोरच्याच्या चेहऱ्याआधी थांबते का? सरांनी "यामे" म्हटलं की ते त्या क्षणी थांबतं का? आणि अनोळखी गर्दीत, आईबाबा जवळ नसताना, ते तासभर सरांबरोबर बसू शकतं का?

पहिली गोष्ट जमत असेल तर कातासाठी नाव द्यायला हरकत नाही. कुमितेसाठी, म्हणजे समोरासमोरच्या लढतीसाठी, दुसरी आणि तिसरी जमायलाच हवी. चौथी जमत नसेल तर तंत्र कितीही चांगलं असलं तरी तो दिवस जड जातो, कारण स्पर्धेत मॅटवर घालवायची मिनिटं मोजकी असतात आणि बाकी सगळा वेळ वाट पाहण्यात जातो. अशा मुलाला आधी एखादी स्पर्धा फक्त बघायला न्या. भोंगे, आरडाओरडा, पाच-सहा मॅटवर एकाच वेळी चाललेल्या लढती हे सगळं एकदा डोळ्यांखालून गेलं की अर्धी भीती जाते.

काता द्यावा की कुमिते?

पहिल्या स्पर्धेत आधी काता. कातामध्ये मूल एकटं असतं, काय करायचं ते ठरलेलं असतं आणि मार लागण्याचा प्रश्नच नसतो. बऱ्याच स्पर्धांत दोन्हींत नाव देता येतं आणि काता सहसा सकाळी होतो. तेव्हा दोन्ही द्यायचे असतील तर काता झाल्यावर मुलाची धास्ती कमी झालेली असते, हा फायदा मिळतो. कुमिते पहिल्या स्पर्धेतच हवी असा मुलाचा स्वतःचा हट्ट असेल तर तो मोडू नये. वडिलांचा हट्ट असेल तर मोडावा.

कातामध्ये पंच काय पाहतात? मुलं कुठे चुकतात?

उभं राहण्याची ठेवण, म्हणजे स्टान्स, आधी पाहतात. झेनकुत्सु-दाचीत पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय ताणलेला आहे का, मागची टाच उचलली जाते का, वळताना तोल जातो का, नजर हाताच्या आधी वळते का. त्यानंतर वेग, ताकद आणि लय. लहान मुलं पाठ झालेला काता पळवतात, हा सगळ्यात सामान्य दोष. दोन हालचालींमध्ये मूठ पूर्ण थांबलेली दिसायला हवी.

शोतोकान शैलीच्या मुलांचा पहिला स्पर्धेतला काता बहुतेक हेयान शोदान असतो. शितो-र्यू आणि वादो-र्यू शैलींमध्ये पिनान मालिका, गोजू-र्यूमध्ये गेकिसाई. पिनान मालिका कराटे शिक्षक इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठीच बसवली. तीच पुढे शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांनी हेयान या नावाने शिकवली. म्हणजे हे काता लहान शरीरांसाठीच रचलेले आहेत. मोठ्यांचा अवघड काता मुलाला घाईने शिकवून स्पर्धेत उतरवण्यापेक्षा हेयान शोदान स्वच्छ करणं केव्हाही चांगलं. त्यात २१ हालचाली आणि दोन किआई, म्हणजे जोरकस आरोळ्या, आहेत: नवव्या हालचालीला, म्हणजे तिसऱ्या आगे-उकेला (वरच्या ब्लॉकला), आणि सतराव्या हालचालीला, म्हणजे पुढे चालत मारलेल्या तिसऱ्या ओई-झुकीला (ठोशाला). किआई विसरणं किंवा पुटपुटल्यासारखी देणं ही चूक पंचांना लगेच ऐकू येते.

मुलं अडकतात त्याची तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिलं, दिशा. क्लासमध्ये मूल नकळत "दाराकडे वळायचं, मग आरशाकडे" असं लक्षात ठेवतं. स्पर्धेच्या हॉलमध्ये ना ते दार असतं ना तो आरसा, आणि मूल सहाव्या हालचालीला चुकीच्या बाजूला वळतं. उपाय सोपा आहे: शेवटच्या तीन आठवड्यांत रोज वेगळ्या भिंतीकडे तोंड करून काता करून घ्या. गच्चीवर, पार्किंगमध्ये, मैदानावर, अनवाणी आणि बूट घालूनही.

दुसरं, शेजारचं मूल. गावोगावच्या स्पर्धांत वेळ वाचवण्यासाठी लाल आणि निळ्या बाजूची दोन्ही मुलं एकाच वेळी काता करतात. शेजारचा वेगळा काता करत असेल किंवा पुढे निघून गेला असेल तर डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते दिसतं आणि आपलं मूल त्याच्यामागे जातं. सरावात शेजारी भावंडाला किंवा मित्राला मुद्दाम दुसराच काता करायला लावा.

तिसरं, थांबणं. मध्येच काही सेकंद थांबलं, चुकीचा काता केला किंवा जाहीर केलेल्या नावापेक्षा वेगळा केला तर मूल बाद होऊ शकतं. म्हणून सरावात एक नियम पक्का करा: चूक झाली तरी चेहऱ्यावर दाखवायची नाही, मागे जायचं नाही, पुढची हालचाल करायची. बेल्ट सुटून गळून पडला तरीही बाद होण्याची वेळ येते, तेव्हा बेल्टची गाठ स्वतः घट्ट बांधायला मुलाला शिकवा. सुरुवातीला काताचं नाव मोठ्या आवाजात, तोडून सांगायचं असतं. घरी हे कुणी करून घेत नाही, आणि नेमकं तिथेच मुलाचा आवाज बसतो.

निकाल काही स्पर्धांत झेंड्यांनी लागतो, काहींत गुणांनी. कोणती पद्धत आहे ते सरांना आधी विचारून मुलाला सांगा. झेंडे वर जाताना कुठे बघायचं हे माहीत नसलं की मूल गोंधळतं.

कुमितेत गुण कसे मिळतात?

लढत ८ मीटर बाय ८ मीटरच्या चौकोनात होते आणि भोवती आणखी १ मीटरची सुरक्षित पट्टी असते. एका बाजूला लाल, म्हणजे आका, आणि दुसऱ्या बाजूला निळा, म्हणजे आओ. मध्ये मुख्य पंच, चार कोपऱ्यांत चार पंच. चारांपैकी निदान दोघांनी एकाच रंगाचा इशारा दिला तर गुण मिळतो.

हाताचा फटका, डोक्याच्या किंवा धडाच्या दिशेने: युको, १ गुण. धडावर लाथ: वाझाआरी, २ गुण. डोक्याच्या उंचीची लाथ: इप्पोन, ३ गुण. समोरचा खाली पडलेला असताना नियंत्रित फटका मारला तरी ३ गुण, पण पाय लावून पाडणं बहुतेक लहान गटांत बंद असतं. ८ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. चौदा वर्षांखालच्यांची लढत दीड मिनिटाची असते. "यामे" झालं की घड्याळ थांबतं, त्यामुळे प्रत्यक्षात ती तीन-चार मिनिटं चालते आणि मुलांना त्याहून बरीच मोठी वाटते. शेवटचे १५ सेकंद उरले की "आतोशी बाराकु" असा पुकारा होतो.

गुण समान झाले तर पहिला निर्विवाद गुण ज्याने घेतला त्याच्याकडे सेन्शू असतं आणि तो जिंकतो. म्हणून पहिला गुण लहान वाटला तरी मोलाचा असतो. मात्र सेन्शू असलेलं मूल शेवटच्या १५ सेकंदांत नुसतं पळत राहिलं तर ते सेन्शू काढून घेतलं जातं.

मुलाचा ठोसा बरोबर लागला, तरी गुण का दिला नाही?

फटका पोहोचला एवढंच पुरत नाही. अंतर, वेळ, ठेवण, जोम, खिलाडू वागणूक आणि फटक्यानंतरची सावध नजर हे सगळं एकत्र असावं लागतं. या शेवटच्या गोष्टीला झानशिन म्हणतात आणि मुलांचे सर्वाधिक गुण इथेच जातात. ठोसा मारला, लगेच हात वर करून उडी मारली किंवा "लागला ना?" म्हणून पंचांकडे बघितलं, की गुण गेला. पाठ फिरवली तर मुबोबीबद्दल, म्हणजे स्वतःला धोक्यात टाकल्याबद्दल, ताकीदही मिळते.

दुसरं कारण म्हणजे हात परत न ओढणं. ठोसा मारून हात तसाच लांब ठेवला किंवा समोरच्याला ढकलल्यासारखं झालं तर कोपऱ्यातल्या पंचाला तो धक्का दिसतो. मूठ गेली तितक्याच वेगाने कमरेपाशी परत यायला हवी.

तिसरं, एकामागून एक वाऱ्यासारखे सात-आठ ठोसे. त्यातला एकही वेगळा दिसत नाही. लहान गटात दोन स्वच्छ फटके मारून अंतर घेणारं मूल अशा मुलाला सहज हरवतं.

आमच्या मुलाने जोरात मारलं आणि त्यालाच शिक्षा झाली. हे कसं?

चौदा वर्षांखालच्या गटात डोक्यावर किंवा चेहऱ्यावर हाताने स्पर्श झाला तरी शिक्षा होते; फेसमास्क घातलेला असला तरी. उलट, डोक्याच्या दिशेने नीट मारलेला फटका १० सेंटिमीटर अंतरावर थांबला तरी अंतर योग्य धरून गुण मिळू शकतो. मुलांच्या कुमितेचा सगळा पाया या एका नियमावर उभा आहे, आणि नेमका हाच नियम पालकांना माहीत नसतो. "मार जोरात!" असं बाहेरून ओरडणारा बाबा आपल्याच मुलाला बाद करायला निघालेला असतो.

शिक्षेची पायरी चुई, म्हणजे ताकीद, मग हान्सोकू-चुई, शेवटी हान्सोकू, म्हणजे लढत हरणं. चौकोनाबाहेर पाऊल टाकणं याला जोगाई म्हणतात, त्यालाही ताकीद. लहान मुलं मागे सरकताना रेषा विसरतात. सरावाच्या वेळी जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने चौकोन आखा आणि रेषेजवळ आल्यावर बाजूला वळायला शिकवा. लागलं नसताना लागल्याचं नाटक केलं तर त्यालाही शिक्षा आहे, हेही मुलाला आधी सांगून ठेवा.

मग मार लागत नाही का?

लागतो, पण बहुतेक वेळा किरकोळ. पायाचं बोट मॅटच्या सांध्यात अडकून मुरगळणं, नडगीवर नडगी आपटणं, तळपायाची साल निघणं, नाकातून रक्त येणं हे सर्रास दिसतं. नाकातून रक्त आलं तर मुलाला पुढे झुकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा. डोकं मागे टेकवायचं नाही. रक्त घशात जातं आणि मूल उलटी करतं.

डोक्याला मार लागला असेल तर वेगळा विचार करा. उलटी, डोकेदुखी, गरगरणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, एकदम सुस्तावणं, प्रकाश सहन न होणं, यांपैकी एकही लक्षण दिसलं तर त्या दिवशी मूल पुन्हा मॅटवर जाणार नाही. मग समोर अंतिम लढत असली तरीही. डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांनी परवानगी दिल्यावरच क्लास सुरू करा. पदकासाठी ही गोष्ट लपवणाऱ्या मोठ्यांना माफी नाही.

पक्का दात मुळासकट पडला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, थंड दुधात ठेवा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचा. तासाभरानंतर दात वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो.

कोणतं साहित्य घ्यावं लागेल?

कातासाठी स्वच्छ पांढरा ड्रेस आणि बेल्ट, बस्स. जॅकेटची बाही मनगटापर्यंत, पण कोपराखालचा निदान अर्धा हात झाकेल एवढी. पँट घोट्याच्या वर आणि नडगीचा निदान दोन-तृतीयांश भाग झाकणारी. बाह्या दुमडून चालत नाहीत, तेव्हा "वाढत्या अंगाचा" म्हणून दोन मापं मोठा घेतलेला ड्रेस शिंप्याकडून आखूड करून घ्या. बेल्टची टोकं गाठीपासून साधारण १५ सेंटिमीटर मोकळी राहावीत. मुली जॅकेटच्या आत साधा पांढरा टी-शर्ट घालतात.

कुमितेसाठी ग्लोव्हज, शिनगार्ड आणि पायावरचं इनस्टेप, माउथगार्ड, बॉडी प्रोटेक्टर, आणि चौदा वर्षांखाली फेसमास्क. काही आयोजक त्याऐवजी हेडगार्ड चालवतात. मुलग्यांना आतून जांघेचं गार्ड घातलेलं बरं. ग्लोव्हज लाल आणि निळे असे दोन्ही जोड लागतात, कारण रंग ड्रॉवर, म्हणजे लढतींच्या सोडतीवर, ठरतो आणि पुढच्या फेरीत बदलू शकतो. सगळं नवं घ्यायची घाई करू नका. पहिल्या स्पर्धेला क्लासमधलं साहित्य पुरतं. माउथगार्ड मात्र मुलाचं स्वतःचंच हवं. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवा आणि स्पर्धेच्या दोन आठवडे आधीपासून सरावात वापरायला लावा. पहिल्यांदाच घातलं तर मुलाला ओकारी येते, श्वास अडल्यासारखा वाटतो आणि ते लढत सोडून ते चघळत बसतं.

हातातला दोरा, कानातलं, चष्मा?

सगळं घरीच काढा. काळा दोरा, गंडा, कडं, पैंजण, बाली, चमकी, गळ्यातला ताईत यांतलं काहीच चालत नाही. मॅटजवळ पुकारा झाल्यावर घट्ट बसलेली बाली काढण्याच्या धडपडीत मुली रडवेल्या होतात. ज्या घरात दोरा काढणं अवघड वाटतं, तिथे आदल्या दिवशीच आजी-आजोबांशी बोलून घ्या. नखं बारीक कापा, पायांचीसुद्धा. केस साध्या रबराने बांधा, धातूची क्लिप नको. कुमितेत चष्मा घालता येत नाही. मोठी मुलं सॉफ्ट लेन्स स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात. चष्म्याचा नंबर मोठा असेल तर चष्म्याविना सराव करून बघा आणि जमत नसेल तर काताच द्या. दातांना तारा असतील तर आयोजकांना आणि स्पर्धेच्या डॉक्टरांना आधी सांगा.

वजनगटासाठी वजन कमी करावं का?

नाही. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, जॅकेट घालून पळवणं यांतलं काहीही करू नका. ज्या गटात वजन बसतं त्यात उतरवा. घरच्या काट्यावर महिनाभर आधी सकाळी वजन बघा. गटाच्या सीमेवर असेल तर वरच्या गटात नाव द्या आणि मुलाला जेवू द्या.

कोणती कागदपत्रं लागतात?

जन्मदाखला, आधार कार्ड, दोन-तीन फोटो, पालकांचं संमतिपत्र. शालेय स्पर्धा असेल तर शाळेचं बोनाफाईड किंवा मुख्याध्यापकांच्या सहीचा फॉर्म. वय कोणत्या तारखेला मोजणार हे माहितीपत्रकात असतं. ती तारीख चुकून भलत्याच गटात नाव गेलं की ऐनवेळी बदल होत नाही. मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही ठेवा.

स्पर्धेचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो?

सकाळी आठला हजेरी लिहिलेली असते. उद्घाटन, पाहुणे, दीपप्रज्वलन होऊन पहिली लढत लागायला दहा-साडेदहा वाजतात. मुलाचा गट दुपारी दोनलाही येऊ शकतो. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलासारख्या मोठ्या जागी अंतरंही बरीच असतात. स्वच्छतागृह कुठे आहे आणि कोणता मॅट कुठे आहे हे आल्या आल्या मुलाला दाखवून ठेवा.

वाट पाहण्याचं नियोजन असं करा. पिशवीत चप्पल हवी, कारण अनवाणी स्वच्छतागृहात जाऊन तेच पाय मॅटवर येतात. जॅकेट किंवा स्वेटशर्ट हवा, म्हणजे घाम निवला तरी अंग गार पडत नाही. टॉवेल, सुटे रबर, चिकटपट्टी, जास्तीची पँट, एखादं पुस्तक किंवा पत्ते. मोबाईल शक्यतो टाळा. दोन तास मान खाली घालून गेम खेळलेलं मूल मॅटवर सुस्त दिसतं. भोंग्यावरचं नाव तुमच्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते, तेव्हा मूल सरांच्या नजरेच्या टप्प्यात बसलेलं असू द्या. पुकारा होऊनही मूल हजर झालं नाही तर समोरच्याला विजयी घोषित करतात, आणि ही हार सगळ्यात जास्त लागते.

अंग गरम करायला पुकाऱ्याच्या साधारण वीस मिनिटं आधी सुरुवात करा: पाच मिनिटं जागच्या जागी धावणं-उड्या, मग सांधे सैल करणं, मग काता एकदा अर्ध्या ताकदीने किंवा सरांच्या हातातल्या पॅडवर काही फटके. सकाळी आठलाच दमेपर्यंत सराव करून घेणारे उत्साही लोक दर स्पर्धेत दिसतात. त्यांची मुलं दुपारी जांभया देत असतात.

खायला काय द्यावं?

निघण्यापूर्वी, लढतीच्या दोन-तीन तास आधी पोहे, उपमा, इडली किंवा पोळी-भाजी असं रोजचं सवयीचं खाणं. मग दर तासाला थोडं थोडं: केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, तूप-साखर पोळीचा रोल. पाणी घोट-घोट. उकाडा असेल तर लिंबू सरबत. हॉलबाहेरचा वडापाव आणि थंड पेय लढत संपेपर्यंत थांबू शकतं. भीतीने काही मुलांची भूक मरते. जबरदस्ती करू नका, दोन घास केळं आणि पाणी पुरतं.

पहिलीच लढत हरला, आता घरी जायचं का?

थांबा. रेपेचाज, म्हणजे हरलेल्यांसाठीची फेरी, असेल तर ज्याच्याकडून मूल हरलं तो अंतिम फेरीत पोहोचल्यावर हरलेल्याला कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. दोन कांस्यपदकं असतात. दुपारी नाव पुकारलं जातं आणि मूल एव्हाना गाडीत बसून हायवेला लागलेलं असतं, असं खरोखर होतं. स्पर्धेत रेपेचाज आहे की नाही ते सकाळीच सरांकडून जाणून घ्या.

ड्रॉचं गणितही समजून घ्या. चौकट २, ४, ८, १६, ३२ अशी असते. गटात १३ मुलं असतील तर चौकट १६ ची आणि तिघांना बाय, म्हणजे पहिली फेरी न लढता पुढे चाल. सोळांच्या चौकटीत सुवर्णासाठी चार लढती जिंकाव्या लागतात. काही खासगी स्पर्धांत वय, वजन आणि बेल्ट यांचे इतके बारीक गट पाडतात की एका गटात तीनच मुलं उरतात आणि तिघांनाही पदक मिळतं. पदक पाहताना गटात किती मुलं होती हेही विचारा. वीस जणांच्या गटात दोन लढती जिंकून रिकाम्या हाताने परतलेलं मूल जास्त काही कमावून आलेलं असतं.

आम्ही बाहेरून सूचना द्यायच्या का?

नको. खुर्चीवर बसून बोलण्याचा अधिकार फक्त प्रशिक्षकाला असतो. मुलाच्या कानावर सरांचा आवाज, पंचांच्या जपानी आज्ञा आणि आईचा "किक मार!" एकाच वेळी पडला की ते एक क्षण थबकतं, आणि समोरच्याला तेवढाच क्षण हवा असतो. टाळ्या वाजवा, नावाने प्रोत्साहन द्या, तंत्र सांगू नका. व्हिडिओ काढायचा असेल तर एका जागी बसून काढा. मॅटच्या कडेने मोबाईल धरून धावणारे पालक पंचांनाही अडथळा होतात.

मूल ऐनवेळी मॅटवर जायला तयारच नसेल तर?

सरांना त्याच्याशी बोलू द्या, तुम्ही थोडे मागे उभे राहा. "नुसतं आत जा, रेई (वाकून नमस्कार) कर, पहिली हालचाल कर" इतकं लहान काम दिलं तर बरीच मुलं जातात आणि एकदा सुरू झाली की पुढचं करतात. तरीही नाही म्हणालं तर नाव मागे घ्या. फी गेली तर गेली. ढकलून पाठवलेलं मूल कुमितेत डोळे मिटून उभं राहतं आणि त्याला इजा होऊ शकते. लढत चालू असताना रडू आलं तर पंच लढत थांबवतात, डॉक्टर बघतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि हे दिवसभरात अनेक मुलांचं होतं.

पंचांचा निर्णय चुकीचा वाटला तर?

तक्रार फक्त प्रशिक्षक करू शकतात, तीही ठरलेल्या अर्जावर आणि शुल्क भरून. पालकांनी मॅटवर जाऊन वाद घातला तर मुलाचं नुकसान होतं. बाहेरून एका कोनातून दिसलेला फटका आणि चार कोपऱ्यांतून दिसलेला फटका वेगळा असतो, हेही खरं. सरांना शांतपणे सांगा, पुढचं त्यांच्यावर सोडा.

"राष्ट्रीय" स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं. शाळेत त्याचा उपयोग होतो का?

स्पर्धेच्या नावात राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय असं लिहायला कुणाला फारसं अडवलं जात नाही. एखाद्या मंगल कार्यालयात भरलेली खुली स्पर्धासुद्धा हे नाव लावते. अनुभव म्हणून अशा स्पर्धा वाईट नसतात, काही उत्तम चालवलेल्या असतात. पण शासनाच्या सवलतींसाठी त्या प्रमाणपत्राचा उपयोग होईलच असं धरून चालू नका.

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने होतात. शाळेमार्फत नाव जातं आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत वाट जाते. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांसाठी कोणती स्पर्धा आणि कोणती पातळी ग्राह्य, हे शासन निर्णयाने ठरतं आणि बदलतं. म्हणून खासगी स्पर्धेची मोठी फी भरण्याआधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. "ऑलिंपिकसाठी निवड" असं कुणी सांगत असेल तर हे लक्षात असू द्या: कराटे ऑलिंपिकमध्ये टोकियोत, २०२१ मध्ये पार पडलेल्या २०२० च्या खेळांत होतं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं. आशियाई खेळांत ते १९९४ च्या हिरोशिमापासून आहे.

हरल्यावर मुलाशी काय बोलायचं?

लगेच काहीच नाही. पाणी द्या, ड्रेस बदलू द्या, काहीतरी खायला द्या. परतीच्या वाटेवर लढतीची चिरफाड करू नका. तांत्रिक चुका सर पुढच्या क्लासमध्ये सांगतील. मुलाने स्वतःहून विषय काढला तर ऐका. विचारायचंच असेल तर "आत गेल्यावर कसं वाटलं?" किंवा "समोरच्याचं काय आवडलं?" असं विचारा. व्हिडिओ दोन-तीन दिवसांनी, सरांबरोबर बघा आणि त्यातून एकच गोष्ट उचला, उदाहरणार्थ ठोशानंतर हात परत ओढणं. जिंकल्यावरही हेच. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकण्याआधी मुलाला विचारा. काही मुलांना पुढच्या वेळी हरण्याची धास्ती तिथूनच लागते.

पुढची स्पर्धा किती दिवसांनी?

सुरुवातीला वर्षात दोन-तीन पुरेत. दोन स्पर्धांमध्ये निदान दोन-तीन महिने असावेत, म्हणजे मागच्या स्पर्धेत दिसलेली एखादी चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. शाळेच्या परीक्षेच्या आठवड्यात नाव देऊ नका. आणि मूल स्वतः "पुढची कधी?" असं विचारेपर्यंत फॉर्म भरायची घाई नको.